नालीची दुरुस्ती आणि आमचे ‘नादुरुस्त’

संपादक महोदय,
सप्रेम जय भीम.

३ ऑक्टोबर हा रिपब्लिकन पक्षाचा वर्धापनदिन. पक्ष १९५७ साली आपल्याच नागपुरात स्थापन झाला. आता त्या दिवशी पक्षाच्या वेगवेगळ्या गटांचे शहरात किती ठिकाणी कार्यक्रम होतात, हे मोजणं मी सोडून दिलं आहे. एकट्या आमच्या वस्तीत दोन होतात, आणि दोन्हींकडे खुर्च्या एकाच बिछायतवाल्याच्या असतात.

मी अशाच एका लहान गटाचा जुना कार्यकर्ता. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतली नाली तुंबली, घाण पाणी तीन घरांत शिरलं. आमच्यातल्या एका पोराने दुसऱ्या पक्षाच्या नगरसेवकाला फोन केला. संध्याकाळपर्यंत नाली मोकळी झाली. रविवारी समाजभवनात बैठक. हजर अकरा जण. विषय एकच : याने विरोधी विचारधारेशी संपर्क साधला, तर लेखी खुलासा घ्यावा की सरळ काढून टाकावं? दीड तास चर्चा चालली. शेवटी तो पोरगा उठून म्हणाला, “काय जी भाऊ, नालीले बी विचारधारा राहते का?” कोणी हसलं नाही. खुलाशाच्या बाजूने हात वर झाले, त्यात माझाही होता. काढून टाकण्यापेक्षा खुलासा बरा, अशी मी मनाची समजूत घातली होती.

हा रोग आजचा नाही. पक्ष उभा राहतो न राहतो तोच बी. सी. कांबळे आणि दादासाहेब गायकवाड या नेत्यांचे गट वेगळे झाले. कांबळ्यांचा गट ‘दुरुस्त’, गायकवाडांचा ‘नादुरुस्त’. कांबळ्यांचा भर घटनेच्या चौकटीवर. गायकवाड भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहाला उतरले होते आणि कम्युनिस्टांना सोबत घ्यायला कचरत नव्हते. त्या वादाला निदान वजन होतं. जमिनीचा प्रश्न होता, हजारो माणसं तुरुंगात गेली. पुढे दलित पँथर ही तरुणांची संघटनाही १९७२ ला निघाली आणि दोन वर्षांत मार्क्स की बुद्ध या प्रश्नावर दुभंगली. तोही प्रश्न लहान नव्हता. आम्ही मात्र वाद नालीपर्यंत आणून ठेवला.

एकी जमते तेव्हा काय होतं, हेही याच डोळ्यांनी पाहिलंय. १९९८ ला काँग्रेससोबत समझोता करून आपले चार नेते लोकसभेत गेले, तेही खुल्या मतदारसंघांतून. चारांपैकी तीन विदर्भातले : अकोला, अमरावती, चिमूर. त्या रात्री आमच्या वस्तीत कोणी झोपलं नव्हतं. ती एकी पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकली नाही.

तत्त्व सोडा, असं मी म्हणत नाही. सत्तेच्या एका खुर्चीसाठी कोणाच्याही मांडीला मांडी लावून बसणारेही आमच्यात भरपूर आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे खुलासा मागायची हिंमत कोणाची होत नाही. खुलासा मागायचा तो पोरांकडे.

त्या पोराने खुलासा दिला. वहीच्या पानावर दोनच ओळी : “नाली तुंबली होती. मी फोन केला.” तेव्हापासून तो बैठकीला येत नाही. अध्यक्ष दर वेळी तो कागद फाइलला लावायला मागतात. मी अजून दिलेला नाही.

आपला,
एक जुना कार्यकर्ता,
उत्तर नागपूर