ग्राहकसेवेतील बुद्धिमत्ता आधी हिशेब जुळवायला वापरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ग्राहकसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेवर आपल्या कालच्या अंकात आलेला लेख वाचला. चोवीस तास उत्तर, रांगेतून सुटका, कर्मचाऱ्यांवरचा भार हलका, असे सगळे फायदे लेखकाने उत्साहाने मांडले आहेत आणि त्यांपैकी एकही मला अमान्य नाही. परंतु ज्याचे पैसे अडकले आहेत आणि जो फोन कानाला लावून बसला आहे, त्याच्या बाजूने लिहिलेले एकही वाक्य त्या लेखात नाही, याची मला चीड आली.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे तक्रार म्हणजे काय हे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी मी पाहिलेले आहे. अलीकडे नंदगडला राहणाऱ्या माझ्या वहिनींनी खानापुरात एका दुसऱ्याच बँकेच्या एटीएममधून पाच हजार रुपये काढायला कार्ड घातले. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, नोटा मात्र आल्या नाहीत. त्यांनी आपल्या बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय मिळाल्याने त्यांनी हिंदी निवडले आणि ज्या मराठीत त्या जन्मभर बोलत आल्या, त्याच मराठीत सांगितले, "पैसे कट झालेत, पण नोटा बाहेर आल्याच नाहीत की वो." यंत्राने त्यांना खात्यातील शिल्लक ऐकवली. त्यांनी पुन्हा सांगितले, तेव्हा कार्ड बंद करायचे आहे का, असे विचारले. माणसाशी बोलायचे असेल तर काय करावे, हे संपूर्ण संभाषणात एकदाही सांगितले गेले नाही. नंतर त्यांच्या मुलीने ॲपवरून तक्रार नोंदवली. तिला 'व्यवहार यशस्वी झाला आहे' असे उत्तर आले आणि तक्रार निकाली निघाली. मी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने ऐकून घेतले, परंतु प्रणालीत बंद झालेली तक्रार पुन्हा उघडण्याची सोय शाखेकडे नसल्याचे सांगून त्यांनीही हात टेकले.

अशा तक्रारीत सत्य शोधणे अवघड नसते. एटीएम प्रत्येक व्यवहाराची नोंद आपल्या लॉगमध्ये ठेवते, नोट अडकली किंवा परत आतल्या पेटीत गेली तर तीही नोंद होते, आणि पुढच्या वेळी यंत्रातील रोकड मोजली की हिशेबापेक्षा नेमकी तेवढी रक्कम जास्त भरते. शिवाय कॅमेऱ्याचे चित्रण असते. आम्ही लेखी अर्ज देऊन रोकड जुळवणीचा अहवाल मागितला, तेव्हा पाच हजार रुपये जास्त निघाले आणि रक्कम खात्यात जमा झाली. म्हणजे ज्या यंत्रणेने 'व्यवहार यशस्वी' असे ठामपणे कळवले, तिने त्या जुळवणीकडे पाहिलेलेच नव्हते.

रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक याबाबत अगदी स्पष्ट आहे. एटीएममधून पैसे न येता खाते वजा झाले तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे आणि त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई खातेदाराला मिळाली पाहिजे, तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. वहिनींना मूळ रक्कम मिळाली, परंतु भरपाईसाठी वेगळा अर्ज करावा लागला आणि तो अजून पडून आहे. लॉग, रोकड आणि खाते या तीन नोंदी पडताळून पाहणे, मुदत उलटताच भरपाई जमा करणे, हे काम सॉफ्टवेअर माणसापेक्षा निश्चितच चांगले करील. तिथे ते न वापरता फोन उचलण्याच्या जागी उभे केले जाते, कारण माणसांचा पगार तिथे वाचतो. लेखकाला यावर दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या असत्या तर बरे झाले असते.

यंत्राने दिलेल्या उत्तराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही लेखात नाही. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने आप्ताच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या ग्राहकाला तिकीट सवलतीविषयी चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट आपल्या कृतीला स्वतंत्रपणे जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. स्वीडनच्या क्लार्ना या वित्त कंपनीने त्याच महिन्यात आपला कृत्रिम बुद्धिमत्तेचा सहायक ७०० कर्मचाऱ्यांचे काम करतो असे जाहीर केले होते, आणि २०२५ मध्ये तीच कंपनी ग्राहकांशी बोलायला पुन्हा माणसे घेऊ लागली. क्लार्नाची पहिली घोषणा लेखात आली आहे, दुसरी आलेली नाही.

आता भाषेविषयी. माझ्या कोल्हापूरच्या भावाला याच बँकेच्या याच हेल्पलाइनवर मराठीचा पर्याय ऐकू येतो. महाराष्ट्राच्या सीमेजवळची शिनोळी ओलांडली की मराठी सुरू होते आणि सीमेच्या अलीकडे, कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीला ती मिळत नाही, याचे कारण केवळ एवढेच दिसते की ग्राहकाची भाषा त्याच्या राज्यावरून ठरवली गेली आहे. कन्नड पर्याय असलाच पाहिजे, तो इथल्या लोकांचा हक्क आहे. त्याच्या शेजारी मराठी ठेवायला मात्र तांत्रिक अडचण कोणती, हे बँकेने सांगावे. केंद्र सरकारची 'भाषिणी' ही भारतीय भाषांतील भाषांतराची आणि बोलणे ओळखण्याची यंत्रणा जुलै २०२२ पासून आहे आणि तीत या दोन्ही भाषा आहेत. त्याशिवाय सीमाभागातील आमची बोली कन्नड शब्दांसह समजेल, एवढा सराव या यंत्रांना इथल्या लोकांच्या आवाजावर द्यावा लागेल. पुणेरी मराठीवर शिकवलेले यंत्र वहिनींचे बोलणे समजू शकणार नाही.

तोपर्यंत वाचकांच्या उपयोगासाठी दोन क्रमांक कृपया ठळकपणे छापावेत. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर मराठीत माहिती मिळते, आणि बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरील १७ भाषांतही मराठी आहे. तक्रार क्रमांक आणि 'निकाली' असे कळवणारा संदेश कोणीही पुसून टाकू नये, कारण लोकपालाकडे जाताना तोच पुरावा लागतो.

आपला,
एक सेवानिवृत्त बँक कर्मचारी,
टिळकवाडी, बेळगाव