आधी एका बाजूच्या प्रिंटची सक्ती काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला त्या जपानी मशीनवरचा लेख वाचला. निळ्या टोनरने, म्हणजे प्रिंटरच्या शाईच्या भुकटीने, प्रिंट काढायची, मग दुसऱ्या मशीनमध्ये घालून गरम केली की अक्षरं उडतात आणि तोच कागद चार-पाच वेळा वापरायचा. तोशिबाने हे २०१३ च्या सुमारासच बाजारात आणलं, त्याच्या आधी २०१२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तर लेझरने साधा काळा टोनर उडवून दाखवला होता, म्हणजे हे काही आत्ताचं नाही. मशीन चांगलीच आहे. पण लेख लिहिणाऱ्याने आधी नागपुरातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात थोडा वेळ उभं राहायला पाहिजे होतं. माझं असं दुकान आहे आणि कागद कुठे वाया जातो ते मी रोज डोळ्याने बघून राहिलो.

मागच्या सबमिशनच्या सीझनला इंजिनीअरिंगची एक पोरगी आली, प्रोजेक्ट रिपोर्टच्या चार कॉपी, तिनेच सांगितलं काका बॅक टू बॅक काढा. बाइंडिंग करून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत हजर, रडवेली. कॉलेजमध्ये रिपोर्ट उघडूनही वाचला नाही, पान उलटलं, मागे छपाई दिसली, परत केला. एकाच बाजूने पाहिजे, नियम आहे म्हणे. मी फक्त कागदाचे पैसे घेतले तरी तिला घरी फोन करून पैसे मागवावे लागले. पहिल्या चार कॉपी रद्दीत गेल्या, आणि नव्या चार तरी कुठे राहणार, व्हायव्हा झाला की कपाटात आणि दोन-तीन वर्षांनी त्याही रद्दीत. आमच्या रद्दीवाल्याकडे अशा रिपोर्टचे गठ्ठे येतात, सगळी पानं पाठकोरी.

सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंनी छपाई सुरू केली. देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टाला जे चालते ते कॉलेजच्या विभागाला का चालत नाही, हे कोणी तरी विचारा ना त्यांना!

आणि पाठकोरे नंतर वापरू असं म्हणणं सोपं आहे. दुमडलेला कागद मशीनमध्ये अडकतो, एखादी पिन राहिली तर मशीनच्या ड्रमला, म्हणजे छपाईच्या रोलरला, रेघ पडते आणि मग तो खर्च आमच्या डोक्यावर. त्या जपानी मशीनलाही पिनवाला, चुरगळलेला कागद पुन्हा चालत नाही, आणि उडणाऱ्या शाईत अर्ज, मार्कशीट, करारनामा तर काढताच येणार नाही, मीटिंगचे अजेंडे, कच्चे ड्राफ्ट तेवढेच. म्हणून पहिल्याच वेळी दोन्ही बाजू वापरणं हाच खरा उपाय, त्याला नवीन मशीन लागत नाही. ए-फोरच्या ५०० कागदांची एक रिम सव्वादोन किलोच्या आसपास भरते, आणि सबमिशनच्या दिवसांत आम्ही अशा रिमवर रिम फोडतो.

हा कागद येतो कुठून हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. बल्लारशाच्या पेपर मिलसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू वर्षानुवर्षं तोडला गेला, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या लोकांना आपल्याच जंगलातला बांबू विकायला मिळायला २०११ साल उजाडलं. त्या बांबूच्या कागदाची एक बाजू आपण नियम म्हणून कोरी फेकतो, याचा मला खरंच राग येतो.

आता आलोच आहे तर तुमच्या पेपरबद्दलही सांगतो. रविवारी अंक उघडला की आतून क्लासेसची, फर्निचरच्या सेलची गुळगुळीत पत्रकं खाली पडतात, दोन्ही बाजूंनी रंगीत, त्यावर साधं वाणसामानही लिहिता येत नाही. कागद वाचवायचा लेख ज्या अंकात छापता त्याच अंकात ही पत्रकं घालू नका, निदान जाहिरात आतल्या पानावर घ्या. आणि कॉलेजांना एका बाजूच्या नियमाबद्दल विचारून त्यांचं उत्तर नावासकट छापा, मी वाट पाहतो.

– एक झेरॉक्स दुकानदार, नागपूर