त्या बुधवारचं तुम्ही लिहा, बाबा

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

गोखलेनगरच्या घराचा माळा परवा रिकामा केला. पितळी डबे आणि देवाची समई माझ्याकडे नीट ठेवली आहेत, काळजी करू नका. पत्र लिहायला बसले ते मात्र माळ्यावर सापडलेल्या दोन गठ्ठ्यांमुळे. एकात माझ्या वह्या आहेत, २००३ पासूनच्या. दुसऱ्यात, आई, तुझ्या हिशेबाच्या. चार रात्री दोन्ही उघडून बसतेय.

तेव्हा रात्रीची जेवणं झाली की मी ओट्याशेजारी स्टूल ओढून लिहायला बसायचे. रोज पानभर तरी लिहायचंच, असा नेम होता. वाटायचं, काहीतरी मोठं लिहावं. निवडणुका, शहर कसं बिघडलं, तरुणांनी काय करावं. आता ती पानं मी भराभर उलटते, कारण त्यात मी कुठेच नाही. त्या आठवड्यात जे सगळेच बोलत होते तेच आहे. पण मध्येच एखाद्या पानावर पीएमटीच्या कंडक्टरचा पंच दांड्यावर टकटक वाजतो, किंवा बाबा गच्चीवर सांडग्यांची राखण करत पेपर वाचताना दिसतात, आणि मी थांबते. ती पानं मी तेव्हा लिखाणात धरतच नव्हते. विषय सुचला नाही म्हणून लिहिलेली होती ती.

आई, तू तर कशाबद्दलच मत लिहिलं नाहीस. रॉकेल ५ लिटर, वह्या ६, छत्रीची काडी. आणि १९९३ च्या ऑक्टोबरात, किल्लारीच्या भूकंपानंतर, एक ओळ: 'भूकंप निधी २१ रु.' त्याच पानावर साखर नेहमीपेक्षा अर्धा किलो कमी. ती साखर आम्हाला कधी कमी पडल्याचं आठवत नाही, म्हणजे ती तुझ्या चहातली गेली असणार. पुण्याच्या पेशवे दफ्तरात अभ्यासक जुन्या रोजकीर्दी, रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, का चाळत बसतात, ते मला या एका पानानं समजलं.

वह्यांनी मला आणखी एक धडा दिला. आजी गेली त्या दिवशी धो धो पाऊस होता, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं. वहीत लिहिलंय, 'कडक ऊन. मांडवाला कापड कमी पडलं.' पाऊस नंतर कधीतरी माझ्या मनानं आणून सोडला. तेव्हापासून आठवणीतलं काही लिहायचं झालं की आधी तारीख शोधते, आणि जो तिथे होता त्याला विचारते.

विचारायला मात्र मी उशिरा शिकले. आई, तुझ्या ऑपरेशनवर मी दिवाळी अंकात लिहिलं, आणि तुला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. तू एवढंच म्हणालीस, "मला आधी सांगायचंस गं." मी वाद घातला. तुझं नाव कुठे आहे, म्हणाले. आपल्या वसाहतीत कुणाला नाव लागतं? मला किती भीती वाटली ते लिहायचा हक्क मला होता, पण तुझ्या पोटावरच्या टाक्यांबद्दल लिहायचा नव्हता. तेव्हा माफी मागितली नाही, ती आज मागते. त्यानंतर एकही माणूस त्याला वाचून दाखवल्याशिवाय मी कागदावरून पुढे जाऊ दिला नाही. तिघांनी नको म्हटलं. ती तीन पानं वहीतच आहेत.

आता तुमच्याकडे येते, बाबा.

१२ जुलै १९६१, बुधवार. तुम्ही आठ वर्षांचे होतात, घर नारायण पेठेत. पानशेतच्या पुरावर मी दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तुमच्या तोंडून ऐकलेल्या तीन-चार वाक्यांवर. एका लेखात मी पाणी रात्री वाड्यात घुसवलं आहे. पानशेतचं धरण सकाळी फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासलाही फोडलं, आणि पेठांमध्ये पाणी चढलं ते दिवसाउजेडी. मला अंधार जास्त भीतीदायक वाटला म्हणून मी रात्र केली. तुमच्या आयुष्यातला दिवस मी बदलून टाकला, आणि तुम्ही वाचून काहीच बोलला नाहीत.

२०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी मैत्रिणीकडे चिखल काढायला गेले होते. रात्री तुम्हाला फोन केला. तुम्ही विचारलंत, "वास आला का गं?" मी म्हटलं, कसला? तुम्ही फोन आईकडे दिलात. तो प्रश्न मी त्याच रात्री वहीत उतरवला. पुढचं पान अजून कोरं आहे. आपलं गोखलेनगरचं घर पूरग्रस्तांच्या वसाहतीतलं, माझं सगळं बालपण त्या पुरामुळे मिळालेल्या छपराखाली गेलं, आणि वाड्यातून तुम्हाला कुणी बाहेर काढलं एवढंही मला नीट माहीत नाही.

म्हणून ते तुम्ही लिहा. चांगलं लिहायचं नाही, आईच्या हिशेबासारखं लिहा. जिन्याची किती पायरी बुडली, हातात काय होतं, रात्री कुठे झोपलात, पहिलं जेवण कुणी दिलं. हात थरथरतो म्हणालात तर तुम्ही सांगा, मी तुमच्याच शब्दांत उतरवून लगेच वाचून दाखवेन. आणि नको वाटलं तर नको म्हणा, मी पुन्हा विचारणार नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं नाशिकला निघतेय. तुमच्यासाठी दोनशे पानी आखीव वही घेतली आहे, तुमचं शाईचं पेनही दुरुस्त करून आणलंय. आई, १९९३ ची ती वही सोबत आणते. त्या २१ रुपयांबद्दल लिहू का, ते पान बघून सांग. दादाला म्हणावं स्टँडवर येऊ नकोस, मी रिक्षानं येईन. आणि गुडघ्याचं तेल संपलं असेल तर शुक्रवारपर्यंत फोन कर, इथून घेऊन येते.

तुमची,
मनू