सूचना : मसाल्याचा कच्चा माल

सर्व ताईंना नमस्कार.

परवा तालुक्याच्या बाजारातून ‘दालचिनी’ म्हणून आणलेली साल कॅशिया, म्हणजे दालचिनीसारख्याच दुसऱ्या झाडाची साल, निघाली. जाड, खडबडीत, एकाच पदराची. खलबत्त्यातही लवकर फुटेना. खरी दालचिनी पातळ, विडीसारखी गुंडाळलेली, आत पदरावर पदर; बोटांनी चुरली जाते. कॅशिया बहुतेक चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येतो, म्हणून स्वस्त पडतो. पण त्यात कुमारिन नावाचं रसायन जास्त असतं. रोज जास्त पोटात गेलं तर यकृताला बाधतं. ती पिशवी वेगळी बांधून ठेवली आहे, कोणी कांडायला घेऊ नये.

खाण्यातल्या फसवणुकीनं काय होतं बघा : २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन हे कारखान्यातलं रसायन मिसळलं होतं. ६ बाळं दगावली, सुमारे ३ लाख आजारी पडली. आपला मसाला लेकरंबाळं असलेल्या घरात जातो, मला त्याचाच घोर लागतो.

यापुढे सुटा माल आणू नका. पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय (सरकारी अन्न सुरक्षा परवान्याचा) क्रमांक, आयातदाराचं नाव-पत्ता, तारीख बघा आणि पक्कं बिल घ्या. किलोमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. शंका आली तर शनिवारी कांडण सुरू होण्याआधी माल मला दाखवा.