काळजीचं कारण नाही

अम्मान (जॉर्डन), ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जूनमध्ये डोक्यावरून इराण-इस्रायलची क्षेपणास्त्रं गेली तेव्हापासून तुम्ही बातम्या लावूनच बसता, असं चिंगी म्हणाली. ते भांडण दुसऱ्यांचं होतं, आता शांत आहे. पाणी आठवड्यातून एकदा येतं. लातूरच्या माणसाला त्याचं काय कौतुक!

अण्णाकाकांनी विचारलंय, पगार चर्चच्या संस्थेचा, काम मुसलमान संस्थेबरोबर, मग पोरीला बाटवणार तरी कोण? त्यांना सांगा, दोघांनाही सवड नाही. मी हिशेब बघते. त्या मुसलमान संस्थेकडे जकातीचा, म्हणजे त्यांच्या धर्मातल्या सक्तीच्या दानाचा, पैसा येतो. तो कुराणात सांगितलेल्या आठ प्रकारच्या लोकांसाठीच वापरायचा, आणि त्यांच्यातले बरेच जाणकार म्हणतात, मुसलमानांनाच द्यायचा. आमच्याकडे गरज बघायची, धर्म नाही. रेडक्रॉस आणि मोठ्या संस्थांच्या १९९४ च्या आचारसंहितेत तसं लिहिलंय. म्हणून मदत द्यायच्या घरांची यादी एकच, खर्चाची हेडं दोन. जकातीत न बसणारं घर मी आमच्या हेडाला टाकते. घेणाऱ्याला हीटर तोच मिळतो. बाबा, किल्लारीच्या वेळचं तुम्हीच सांगायचात ना, एका गावात ब्लँकेटांचा ढीग आणि पुढच्या वस्तीवर काहीच नाही? ते टाळायचं तर एकत्र बसावंच लागतं.

आणि उपकार एकतर्फी नाहीत. ११ सप्टेंबर २००१ नंतर नावात ‘इस्लामिक’ दिसलं की बँका पैसे तपासणीत अडकवतात. थंडी त्यासाठी थांबत नाही, म्हणून सुरुवातीचा खर्च आम्ही उचलतो. उलट वस्तीत आम्हाला मिशनरी समजतात, तिथे ते पुढे होतात. चर्चवाल्यांची लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि मुसलमानांची इस्लामिक रिलीफ यांचा २०१४ पासून करार आहे, तेव्हा आमचं काही जगावेगळं नाही. काकांना ही नावं द्या, शोधत बसतील.

आई, इथल्या कॉफीचं तुला सांगायचंय. बिनकानाचा एवढासा कप, त्यात घोटभरच, कडू, वेलदोडा घातलेली. कप नुसता परत दिला की पुन्हा भरतात. पुरे असेल तर तो मनगटातून हलवायचा. इथवर ठीक. पण मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी घेतो आणि न पिता समोर ठेवून देतो. मुलीला मागणी घालायला मुलाकडचे वडीलधारे येतात तेव्हा हेच. यजमान म्हणतो, कॉफी प्या, तुमचं काम झालं, मग पितात. भांडण मिटवायलाही असंच. इथून उत्तरेला मफ्रक शहर आहे, तिथे एका बैठकीत तिथल्या म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. आमच्या जर्मन बाई नियम वाचतायत, कॉफी गार होतेय, सगळे कपाकडे बघतायत. शेवटी त्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं. म्हाताऱ्याचं म्हणणं इतकंच, की सीरियन निर्वासितांबरोबर आमच्या गल्लीतली गरीब घरंही घ्या. बाईंनी हो म्हटलं. त्याने गार कॉफी एका घोटात संपवली. एवढ्यासाठी आम्ही ऑफिसात चार बैठका घेतल्या असत्या.

जेवते वेळेवर. खुबूसला पोळी म्हणायची सवय झालीय.

आता पैशाचं. अमेरिकेने यंदा मदतीला कात्री लावली, इथे बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या गेल्या. माझी मार्चपर्यंत पक्की आहे, पुढचंही होईल. पगार जरा कमी केलाय, म्हणून घराच्या हप्त्याला या महिन्यापासून पाच हजार कमी पाठवते. चिंगीच्या दागिन्यांचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. लावणारही नाही.

लग्न फेब्रुवारीत धरलंत, नेमका तेव्हाच रमजान लागतोय. देणग्या सगळ्यात जास्त त्याच महिन्यात येतात, रजा मागायला तोंड नाही. हळदीला जमेलसं वाटत नाही, अक्षतांना नक्की पोचते. मोठी बहीण असून साखरपुड्यालाही नव्हते, हे चिंगी बोलून दाखवत नाही, तुम्हीही दाखवू नका. पुण्याच्या स्थळाला सध्या नाहीही म्हणू नका आणि होही. चिंगीचं आधी होतंय म्हणून कोणी काही बोललं तर माझ्यावर ढकला, मी लांब आहे.

आपली,
माई

ता. क. चिंगीला म्हणावं, शालू बघून टाक. माझ्यासाठी थांबू नको.