लिस्टर म्हणजे माउथवॉश नव्हे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जंतुनाशक वापरून ऑपरेशनं करायला शिकवणारे ब्रिटिश सर्जन डॉ. जोसेफ लिस्टर, त्यांच्यावरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, परत वाचला, तरी राग जाईना म्हणून लिहितेय. "लिस्टरिनचा जनक"? अहो ते माउथवॉशचं औषध 1879 साली अमेरिकेत जोसेफ लॉरेन्स नावाच्या भलत्याच माणसाने बनवलं, लिस्टरचं फक्त नाव उचललं. जरा गुगल केलं असतं तरी चाललं असतं.

बरं ते सोडा. सगळा लेख ऑपरेशनच्या वेळी हवेत मारायच्या त्या कार्बोलिकच्या (म्हणजे जंतुनाशक ॲसिडच्या) फवाऱ्यावर, फोटोही त्याचाच. आणि लिस्टरनेच 1890 मध्ये बर्लिनला भर सभेत सांगितलंय की हा फवारा सुचवल्याची मला लाज वाटते! खरी गोष्ट ग्लासगोची आहे. 1865 चा ऑगस्ट, अकरा वर्षांचा पोरगा, पायावरून गाडीचं चाक गेलेलं, हाड मोडून वर जखम. असा पाय तेव्हा बहुतेक कापायचेच. लिस्टरने कार्बोलिकची पट्टी बांधली, चार दिवस हात लावला नाही, उघडली तर पू नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. पुढे त्याचेच आकडे बघा, कार्बोलिकच्या आधी अवयव कापलेल्या 35 पैकी 16 दगावले, कार्बोलिकनंतर 40 पैकी 6. तुमच्या लेखात हे एका ओळीतसुद्धा नाही. त्याच्या नोंदी वर्षानुवर्षं लिहून काढणाऱ्या ॲग्नेसबाईंना मात्र "पत्नीची मोलाची साथ लाभली" म्हणून वाटेला लावलंय, छान.

मी उभी नोकरी सर्जिकल वॉर्डात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. आमचे एक सर राउंडला एका आजोबांचं बेडसोअर (पडून पडून झालेली जखम) उघड्या हाताने चाचपून तसेच शेजारच्या मुलीचे टाके बघायला वळले. मी हळूच म्हटलं, सर, हात. तर सगळ्या इंटर्नसमोर, "सिस्टर, आता तुम्ही शिकवणार का मला?" वॉर्डातल्या कामाच्या मावशी, मामा सगळे बघत होते. दुसऱ्या दिवशी माझी नाइट लागली आणि त्या मुलीच्या टाक्यांना पू धरला, तिची आई मलाच विचारते, सिस्टर असं कसं झालं हो? काय सांगणार! बेसिन चार पावलांवर होतं, साबण मीच ठेवला होता.

मला राग त्या इंटर्न पोरांचा जास्त येतो, कारण ती सरांचे हात बघूनच शिकली. लिस्टर 1877 ला एडिंबरा सोडून लंडनला आला तर त्याच्या वर्गाला मोजकीच पोरं, कारण परीक्षकांना त्याचं पटत नव्हतं, मग पेपरात नाही ते ऐकायचं कशाला? तो तरी ड्रेसिंग स्वतःच्या हाताने करून दाखवत राहिला. मास्तर म्हणून हा माणूस केवढा होता त्यावर लिहा की कधी.

आणि हो, पहिल्या पानावर लिस्टर आणि त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर "मूळव्याध सात दिवसांत मुळासकट, ऑपरेशन नाही" अशी अर्धं पान जाहिरात. ती कोणी तपासून छापली तेवढं कळवा.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर