भाषण पाठ झाले, इंग्रजी बोलणे कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळांमधल्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम जवळ आला आहे. दिवाळीची सुट्टी संपली की केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, विषय जाहीर होतात आणि पुढचा महिना-दीड महिना प्रत्येक शाळेतले एखाद-दुसरे हुशार मूल ‘सेव्ह वॉटर’, ‘माय कंट्री’ किंवा डॉ. अब्दुल कलाम यांच्यावरचे तीन मिनिटांचे भाषण घोकू लागते. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. निवृत्तीनंतर परीक्षक म्हणून मी या स्पर्धांना जाते. स्पर्धा बंद कराव्यात असे माझे मुळीच म्हणणे नाही. खेड्यातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला माइकसमोर उभे राहण्याची संधी एरवी मिळते कुठे? पण ज्या पद्धतीने त्या घेतल्या जातात, त्यात मूल इंग्रजी बोलायला शिकत नाही. ती पद्धत बदलावी, म्हणून हे पत्र.

भाषण बहुतेक वेळा बाई किंवा गुरुजी लिहून देतात, नाहीतर यूट्यूबवरून उतरवून घेतात. त्यात ‘एन्व्हायर्नमेंट’, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ असे शब्द असतात, कारण ते ऐकायला भारदस्त वाटतात. मूल ते देवनागरीत लिहून पाठ करते. कुठे हात वर करायचा, कुठे मूठ वळायची, हेही ठरलेले असते. स्पर्धेत मधले एखादे वाक्य निसटले की मूल थबकते आणि थेट ‘रिस्पेक्टेड चेअरपर्सन’पासून पुन्हा सुरू करते. मधूनच पुढे जाता येत नाही, कारण आपण काय सांगत होतो हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. भाषण झाल्यावर मी मुद्दाम काहीतरी सोपे विचारते, ‘हाउ डिड यू कम हिअर टुडे?’ एवढेच. पाण्याच्या टंचाईवर तीन मिनिटे न अडखळता बोललेले मूल तेव्हा वळून गुरुजींकडे पाहते. यात मुलाचा काडीचाही दोष नाही, आणि गुरुजींचा तरी किती म्हणावा? आमच्या हाती जी गुणपत्रिका पडते तिच्यात पाठांतर, उच्चार, हावभाव, वेळेचे भान असे रकाने असतात. विचारलेले समजले का, स्वतःचे एक वाक्य जुळवता आले का, याला रकानाच नाही. ज्याला गुण आहेत त्याचीच तयारी होणार.

राज्यात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी मराठी शाळेतले मूल एबीसीडी गिरवायचे ते पाचवीत. त्या निर्णयावर तेव्हा बरेच वादळ उठले होते. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार आवडली होती. लहान वर्गांत आधी ऐकणे-बोलणे, मग वाचणे-लिहिणे, असा तो क्रम होता. गाणी, सूचना, कृती. ‘टच द डोअर’ म्हटले की मुले दाराकडे धावत. भाषा अशीच कानावाटे येते. पुढे वर्गांत हा क्रम हळूहळू उलटा झाला. फळ्यावरचे उतरवून घेणे वाढले, शब्दार्थ पाठ करणे वाढले आणि बोलणे उरले ते स्पर्धेपुरते, तेही एकाच मुलाच्या वाट्याला.

याचा परिणाम वाचनातही दिसतो. ‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या शैक्षणिक पाहणीच्या २०१६च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या सुमारे चौथा हिस्सा मुलांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता येत होती आणि २००९पासून हे प्रमाण जवळजवळ जागेवरच होते. ज्या भाषेत मूल वर्गात कधी तोंड उघडत नाही, त्या भाषेतले छापील वाक्य त्याला परकेच वाटणार.

दोन वर्षांपूर्वी एका केंद्रावर आम्ही थोडा वेगळा प्रयोग केला. केंद्रप्रमुख उत्साही होते, म्हणून जमले. तिसरी-चौथीच्या गटाला विषय दिलाच नाही. घरातली कोणतीही एक वस्तू आणा आणि तिच्याविषयी इंग्रजीत जमेल तेवढे सांगा, असे कळवले. कुणी गोफण आणली, कुणी आजोबांचा चष्मा, एकाने सायकलचा पंप. तिसरीतली एक मुलगी कोंबड्या झाकायचे डालगे घेऊन आली. तिचे भाषण असे होते: ‘धिस इज डालगं. माय आजी पुट हेन इन धिस. नाइट टाइम. कॅट कम. हेन इज अँग्री.’ मी विचारले, ‘व्हाय इज द हेन अँग्री?’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘शी हॅज बेबीज.’

व्याकरण काटेकोर तपासायचे तर यात चुकाच चुका सापडतील. पण प्रश्न तिला कळला, उत्तर तिचे तिने शोधले आणि ते बरोबर होते. त्या दिवशी इतक्या मुलांची भाषणे ऐकली, पण इंग्रजीचा वापर केलेला मी तिथेच पाहिला. दुसऱ्या परीक्षकांनी तिचे गुण कापले, कारण ‘डालगं’ हा मराठी शब्द आला. मला ते मान्य झाले नाही. डालग्याला ती दुसरे काय म्हणणार होती? अडलेला शब्द मराठीत घालून वाक्य पुरे करता येणे हीसुद्धा बोलणाऱ्याची हुशारीच आहे, आणि त्याबद्दल गुण कापले की पुढच्या वेळी मूल गप्प राहणे पसंत करते.

म्हणून शिक्षण विभागाला आणि केंद्रप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. चौथीपर्यंतच्या मुलांना तयार भाषणाचे विषय देऊ नयेत. वस्तू द्यावी, चित्र द्यावे, किंवा ‘आज सकाळी तू काय काय केलेस’ असे विचारावे. निम्मे गुण परीक्षकांच्या दोन साध्या प्रश्नांच्या उत्तरांना ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शाळेतून स्पर्धेला कोण जाणार हे आदल्या दिवशी वर्गात चिठ्ठी टाकून ठरवावे. हे ऐकून अनेक शिक्षक बंधू-भगिनी नाराज होतील, कारण बक्षिसाची खात्री राहत नाही. पण नाव कुणाचे निघेल हे माहीत नसले की तयारी सगळ्या वर्गाची करावी लागते. परिपाठात रोज दोन मुले अर्धा-अर्धा मिनिट बोलली तरी तीसच्या वर्गात प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांत एकदा येते. दोनशिक्षकी शाळेतही एवढे जमते, आम्ही केले आहे.

शिक्षकांच्या इंग्रजीबद्दलही बोलायला हवे, कारण टीका झटकन त्यांच्यावर येते. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या कितीतरी शिक्षकांना स्वतः इंग्रजी बोलण्याची सवय नाही, आणि चारचौघांत चुकायची भीती मुलांहून त्यांना जास्त. २०१६नंतर ‘तेजस’ प्रकल्पात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट ठरावीक काळाने भेटत आणि आपापसात इंग्रजीतून बोलायचा सराव करत. कुणी तपासायला बसलेले नसे, त्यामुळे संकोच मोडत असे. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक म्हणजे शिक्षण परिषद असते, त्या दिवशी असा अर्धा तास कायम ठेवला, तर मुलांना भाषण लिहून देण्याची गरज आपोआप कमी होईल.

आणखी एका गोष्टीचा मला मनापासून त्रास होतो. अलीकडे खासगी संस्था शहरांत सभागृहे घेऊन ‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’ अशा नावांनी इंग्रजी भाषणाच्या स्पर्धा भरवतात. प्रवेश फी असते, पदक जवळपास सगळ्यांना मिळते आणि पुढच्या फेरीसाठी पुन्हा फी. शेतमजुरी करणारे पालकही पोराचे इंग्रजी सुधारेल या आशेने पैसे भरतात. त्यांची आशा खरी आहे, म्हणूनच वाईट वाटते. पालकांनी पैसे भरण्याआधी एवढेच पाहावे की तिथे मुलाला कुणी प्रश्न विचारते का. विचारत नसतील, तर तेच भाषण घरी आजीसमोर म्हणून घेतले तरी चालेल.

मराठीचाही विचार यात आला पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे असे सांगितले आहे. जे मूल मराठीत आपल्या बैलाबद्दल, जत्रेबद्दल मोकळेपणाने पाच मिनिटे बोलू शकते, ते इंग्रजीतही लवकर धीट होते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. त्यामुळे एकाच दिवशी, त्याच मंचावर, त्याच वस्तूवर मुलाला आधी मराठीत आणि मग इंग्रजीत बोलू द्यावे. वेळ वाढेल हे खरे. त्यासाठी पाहुण्यांचे सत्कार आणि मनोगते आवरती घेता येतील. लहान मुले सकाळपासून उपाशीपोटी गणवेशात ताटकळत बसलेली असतात आणि माइक दुपारपर्यंत मोठ्यांच्याच हातात असतो, हे चित्र मी पुष्कळदा पाहिले आहे.

यंदाची परिपत्रके अजून निघायची आहेत. निदान गुणपत्रिकेतला पाठांतराचा रकाना काढून तिथे ‘प्रश्नाला दिलेले उत्तर’ असा रकाना घालावा. त्याला निधी लागत नाही की वेगळी मंजुरीही. ज्या केंद्रांना वस्तू आणि चित्रांवर आधारित स्पर्धा घ्यायची असेल, तिथे परीक्षक म्हणून विनामानधन यायला मी आणि माझ्या काही निवृत्त मैत्रिणी तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
जि. सातारा